तुमचा आठवा खेळाडू कोण?

मंडळी, आज राजकारण नाही. निदान वरवर पाहता तरी नाही. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

विषय बास्केटबॉलचा आहे. एनबीएचे सामने आपल्याकडे पहाटेपासून सकाळपर्यंत चालतात आणि दुपारपर्यंत पोरांचे ग्रुप पेटलेले असतात. वाद ठरलेला असतो. तुझा संघ भारी की माझा? अमुक सालचे हे पाच आणि तमुक सालचे ते पाच समोरासमोर आले तर कोण जिंकेल? मग नावं पडायला लागतात. ड्युरंट टाकला, करी टाकला, शॅक टाकला. ज्याच्याकडे मोठी नावं जास्त तो जिंकला, वाद संपला.

मला हा वाद मनापासून आवडतो. कटिंग चहाच्या पैशात यापेक्षा चांगली करमणूक नाही. पण आपण तो ज्या पद्धतीनं घालतो त्यात दोन प्रश्न कायम सुटतात. हे पाच जण एकमेकांबरोबर जुळतील का? आणि हे दमले की मैदानावर कोण येणार? बास्केटबॉलमधला बराचसा निकाल या दोन प्रश्नांत असतो, आणि आपल्या जिल्ह्यातल्या काही पोरांचं नुकसानही याच दोन प्रश्नांमुळे होतंय. तिथे शेवटी येतो.

ज्यांना फँटसी प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. खऱ्या खेळाडूंमधून तुम्ही स्वतःचा काल्पनिक संघ निवडायचा. ते खेळाडू खऱ्या सामन्यात जे करतील त्याचे आकडे तुमच्या खात्यात जमा. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलवर हा खेळ सुरू केला, तिथून तो सगळीकडे पसरला. बास्केटबॉलमध्ये साधारण दहा-बारा जणांची लीग असते, दर आठवड्याला दोघांची जोडी लागते. नेहमीच्या प्रकारात नऊ रकाने असतात: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांच्या बास्केट, मैदानी फेकीची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी, आणि चेंडू किती वेळा गमावला. ज्यानं जास्त रकाने जिंकले त्याचा आठवडा.

आता या नऊ रकान्यांत काय नाही ते बघा. सहकाऱ्याला मोकळं करायला बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहणारा नाही. असिस्टच्या आधीचा पास देणारा नाही. समोरच्या सर्वोत्तम खेळाडूला चाळीस मिनिटं चिकटून त्याला हैराण करणारा नाही. शेन बॅटिये नावाचा असा एक खेळाडू होता. मायकल लुइसनं २००९ मध्ये त्याच्यावर मोठा लेख लिहिला, त्याचा मुद्दाच हा होता की या माणसाचे आकडे साधे दिसतात, पण तो मैदानावर असला की त्याचा संघ सुधारतो. फँटसीत त्याला कोण घेणार?

आपल्याला जवळचं उदाहरण हवं तर कबड्डी घ्या. कोपरारक्षक घोटा धरतो, साखळीतले दोघं-तिघं झेपावून चढाईपटूला झाकतात, तेव्हा कुठे पकड पूर्ण होते. गुण मात्र एकाच्या नावावर. बाकीचे अंगावरची माती झटकत जागेवर.

आकडे आणि संघ यांची फारकत किती होऊ शकते, ते बघायला २०१३-१४ चा एकच हंगाम पुरे. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या मायकल कार्टर-विल्यम्सला सर्वोत्तम नवोदिताचा किताब मिळाला. सामन्याला सरासरी १६ च्या वर गुण, सहाच्या वर रिबाउंड, सहाच्या वर असिस्ट. फँटसीवाल्यांना लॉटरीच. आणि त्याचा संघ? ८२ पैकी १९ सामने जिंकला, त्यात सलग २६ हरला. पुढच्याच हंगामात संघानं त्याला दुसरीकडे पाठवून दिलं.

त्याच हंगामात सॅन अँटोनियो स्पर्सनी ६२ सामने जिंकले आणि विजेतेपद घेतलं. त्या संघात एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर गेली नव्हती. सामना ४८ मिनिटांचा. प्रशिक्षक पॉपोविच सगळ्यांना आलटून पालटून खेळवत होते. फँटसीवाल्यांना हा संघ म्हणजे डोकेदुखी. कोण कधी बसेल, कुणाचे आकडे कधी येतील, काही भरवसा नाही. पण अंतिम फेरीत याच संघानं लेब्रॉन, वेड आणि बॉश यांच्या मायामीला ४-१ नं हरवलं. जिंकलेले चारही सामने १५ किंवा त्याहून जास्त गुणांच्या फरकानं. निर्णायक पाचव्या सामन्यात पॅटी मिल्स बेंचवरून उठला आणि १७ गुण करून गेला. तिसऱ्या सामन्यापासून सुरुवातीच्या पाचांत घेतलेला बोरिस डियॉ दोन वर्षांपूर्वी शार्लटच्या संघाला नकोसा झाला होता.

इथे फँटसीवाले मित्र म्हणतील, अहो, राखीव फळीचं महत्त्व आम्हालाही कळतं. बरोबर आहे. हंगाम लांब, दुखापती होतात, एखाद्या संघाला आठवड्यात चार सामने असतात तर एखाद्याला दोनच. शेवटचे तीन खेळाडू नीट न निवडणारा फँटसीत मार खातोच. मुद्दा मान्य.

पण फँटसीतली राखीव फळी आणि खऱ्या संघातली राखीव फळी यांत मोठा फरक आहे. फँटसीत तुमचे तेरा जण एकमेकांना ओळखतही नाहीत. एक बोस्टनमध्ये खेळतोय, दुसरा डेन्व्हरमध्ये. दोघांना एकाच वेळी चेंडू हवा असला तरी भांडण होत नाही, कारण चेंडू दोन आहेत. खऱ्या मैदानावर चेंडू एकच असतो आणि २४ सेकंदांत फेक करायची असते. फँटसीत कुणी जखमी झाला की त्याच्या जागी येणाऱ्याला उचलायला झुंबड उडते, कारण आता त्याचे आकडे वाढणार. खऱ्या संघात तो जखमी झाला म्हणजे बाकी चौघांच्या सवयी मोडल्या.

साधा हिशेब करू. एका संघाची एका सामन्यातली एकूण मिनिटं किती? ४८ गुणिले ५, म्हणजे २४०. तुमच्या पाच दादा खेळाडूंना प्रत्येकी ३६ मिनिटं दिली तर झाली १८०. उरली ६०. म्हणजे पाव सामना तुम्ही ज्यांचं नावही घेतलं नाही ते खेळणार आहेत. वादात आपण पाच नावांवर थांबतो आणि पाव सामना हवेत सोडून देतो.

या पाव सामन्यासाठी कुणाला तरी कमीपणा घ्यावा लागतो. आंद्रे इग्वोडाला बघा. २०१४ पर्यंत एनबीएतला प्रत्येक सामना तो सुरुवातीच्या पाचांत खेळला होता. गोल्डन स्टेटमध्ये नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर आले आणि त्यांनी त्याला बेंचवर बसायला सांगितलं. अख्खा नियमित हंगाम तो मागून आला. मिनिटं घटली, आकडे घटले. अंतिम फेरीत चौथ्या सामन्यात त्याला सुरुवातीला आणलं, संघ जिंकला आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. फँटसीच्या भाषेत तो त्या वर्षी ‘टाकून द्यायचा’ खेळाडू होता.

आता २००४ सालाकडे वळू, कारण त्या एका वर्षात एकाच प्रशिक्षकानं या नाण्याच्या दोन्ही बाजू बघितल्या. लॅरी ब्राउन. जूनमध्ये त्याच्या डेट्रॉइट पिस्टन्ससमोर होते लॉस एंजेलिस लेकर्स: शॅकिल ओनील, कोबी ब्रायंट, आणि विजेतेपदासाठी कमी पैशात आलेले कार्ल मलोन आणि गॅरी पेटन. नावांची बेरीज केली तर सामना खेळायचीच गरज नव्हती. मलोनचा गुडघा दुखावलेला होता हे खरं, पण एक माणूस लंगडला की सगळं डळमळतं, हीच तर राखीव फळीची परीक्षा. पिस्टन्स ४-१ नं जिंकले.

दोनच महिन्यांनी तेच ब्राउन अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे प्रशिक्षक होते. संघात डंकन, आयव्हरसन, आणि तरुण लेब्रॉन, वेड, कार्मेलो अँथनी. पहिल्याच सामन्यात प्यूर्टो रिकोनं ९२-७३ असं धुतलं. उपांत्य फेरीत अर्जेंटिनानं ८९-८१ नं हरवलं. एनबीएचे खेळाडू १९९२ पासून ऑलिंपिकला जायला लागले, त्यानंतर अमेरिकेचं सुवर्ण हुकण्याची ही पहिलीच वेळ. अमेरिकेचा संघ काही आठवड्यांपूर्वी जमलेला होता. जिनोबिली, स्कोला, ओबेर्तो हे अर्जेंटिनाचे खेळाडू वर्षानुवर्षं एकत्र खेळत होते. २००२ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी अमेरिकेला अमेरिकेतच हरवलं होतं. म्हणजे इशारा आधीच मिळाला होता.

अमेरिकेनं यावर काय केलं ते महत्त्वाचं. आणखी मोठी नावं शोधण्यापेक्षा त्यांनी २००५ मध्ये जेरी कोलांजेलोंकडे सूत्रं दिली आणि खेळाडूंकडून तीन वर्षांची बांधिलकी मागितली. २००६ मध्ये ग्रीसकडून हरले तरी धोरण सोडलं नाही. २००८ ला बीजिंगमध्ये स्पेनला हरवून सुवर्ण परत आणलं. लेब्रॉन, वेड, अँथनी तिघंही त्या संघात होते. वाढलेली गोष्ट होती एकत्र घालवलेला वेळ.

आता एक काल्पनिक सामना मीच लावतो. २०१४ चे स्पर्स विरुद्ध २०२१ चे ब्रुकलिन नेट्स. नेट्सकडे ड्युरंट, हार्डन, अर्विंग. कागदावर तिघंही त्या स्पर्समधल्या कुणापेक्षाही जास्त गुण करणारे. सात सामन्यांची मालिका. मी स्पर्सवर बोट ठेवतो.

कारण सांगतो. नेट्सचं हे त्रिकूट नियमित हंगामात एकत्र मोजून १६ सामने खेळलं, त्यातले १३ जिंकलं. म्हणजे गुणवत्तेबद्दल वादच नाही. पण २०२१ च्या दुसऱ्या फेरीत मिलवॉकीविरुद्ध पहिल्या सामन्यातच हार्डनची मांडी दुखावली, चौथ्यात अर्विंगचा घोटा मुरगळला. सातव्या सामन्यात ड्युरंट जादा वेळेसह ५३ मिनिटं खेळला. ५३ पैकी ५३. त्यानं ४८ गुण केले आणि संघ चार गुणांनी हरला. एकीकडे कुणालाही सरासरी ३० मिनिटांपेक्षा जास्त न पळवणारा संघ, दुसरीकडे सर्वोत्तम माणसाला एक मिनिट बसवू न शकणारा संघ. सात सामन्यांत शेवटी पाय कुणाचे शिल्लक राहतील? पुढच्या फेब्रुवारीत हार्डन गेला, त्यानंतरच्या फेब्रुवारीत बाकी दोघंही.

कुणी म्हणेल, मग २०१७ चे वॉरियर्स? तिथेही करी, ड्युरंट, थॉम्पसन, ग्रीन एकत्र होतेच, आणि प्लेऑफमध्ये १६ जिंकून एकच सामना हरले. अगदी बरोबर, आणि हे उदाहरण मला उलट हवंच आहे. मोठी नावं एकत्र आली की संघ बिघडतो असं माझं म्हणणं नाही. त्या वॉरियर्समध्ये ड्युरंट आला तेव्हा करी, थॉम्पसन, ग्रीन आधीच कित्येक वर्षं एकत्र खेळत होते, ग्रीनला गुण करण्याची हौस नव्हती आणि बेंचवर इग्वोडाला होता. घर आधीचं होतं, पाहुणा नंतर आला. आणि ग्रीनची किंमत त्यांना आदल्या वर्षीच कळली होती. ७३ सामने जिंकलेला संघ, अंतिम फेरीत ३-१ आघाडी, पाचव्या सामन्याला ग्रीन निलंबित, आणि मालिका ४-३ नं हातची गेली.

तेव्हा माझं मागणं इतकंच की वाद घालताना तीन प्रश्न विचारा. चेंडू कोण सोडणार? सगळ्यात कठीण बचाव कोण करणार? आणि तुमचा आठवा खेळाडू कोण? ज्याला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नाही त्यानं अजून संघ निवडलेला नाही, नावांची यादी केली आहे.

आता सार्वजनिक गोष्टीकडे.

हा वाद आपल्याकडे बरीच वर्षं फुकटचा राहिला नव्हता. २०१७ मध्ये एनबीएनं मुंबईच्या ड्रीम इलेव्हनबरोबर भारतात फँटसी बास्केटबॉल आणलं. क्रिकेटचं तर आपल्याला माहीतच आहे, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट, आणि आयपीएलच्या दिवसांत टपरीवर प्रत्येकाच्या हातात मोबाइल. २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं आणि २०१९ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं हा कौशल्याचा खेळ मानला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला आणि कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी आली. मोठ्या अ‍ॅप्सनी पैशाच्या स्पर्धा बंद केल्या.

त्या कायद्यावर मतं वेगळी असू शकतात. रोजगार गेले हे खरं, पोरांचे पगार वाचले हेही खरं. माझं निरीक्षण वेगळं आहे. पैसा गेला, पण त्यानं लावलेली नजर राहिली. खेळ बघताना आपण संघ बघायचं सोडलं आणि एकेका माणसाचं खातं बघायला लागलो. आपला संघ हरतोय आणि आपण खूश, कारण ‘माझ्या’ खेळाडूचे रिबाउंड वाढले. ही नजर मोबाइलमध्ये राहिली असती तर मी एवढं लिहिलं नसतं.

ती मैदानावर दिसते, जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या संघाच्या निवड चाचणीत. एक दिवस, फार तर दोन. वेगवेगळ्या शाळांची, क्लबांची पोरं, एकमेकांचं नावही माहीत नाही. पाच-पाचच्या तुकड्या पाडल्या जातात आणि निवड समिती वही घेऊन बसते. अशा वेळी पास देणारा मुलगा मूर्ख ठरतो. चेंडू हातात आला की प्रत्येक जण बास्केटकडे धावतो, कारण वहीत नोंद होते ती बास्केटची. धाकटी पोरं दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर तेच करतात.

पोरांना दोष देऊन उपयोग नाही. आपल्या राज्यात दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. चांगल्या योजना आहेत, मी त्यांच्या बाजूचा आहे. पण त्यामुळे संघातली जागा म्हणजे एखाद्या घराचं पुढचं आयुष्य असतं. शेतमजुराच्या किंवा रिक्षावाल्याच्या घरची मुलगी चाचणीला येते तेव्हा ती सुंदर पास देऊन घरी जाण्याचा धोका का पत्करेल? तिला पास देणं परवडेल अशी व्यवस्था मोठ्यांनी करायची असते.

आणि ती फार महागही नाही. चाचणी एका दिवसाची न ठेवता चार-पाच दिवसांचं शिबिर ठेवा. तुकड्या रोज बदला. कोणता मुलगा कुठल्याही तुकडीत गेला तरी ती तुकडी जिंकते, हे वहीत लिहा. यासाठी संगणक लागत नाही, दोन रकाने आखलेला कागद पुरतो: हा मैदानावर असताना आपण किती केले, समोरच्यांनी किती केले. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला विचारा, तुला सोडून आणखी चार जण निवडायचे तर कोण? पोरांना बरोबर माहीत असतं की कुणाबरोबर खेळायला सोपं जातं. आणि बारा जणांचा संघ जाहीर करताना शेवटच्या चौघांना का घेतलं ते चार ओळींत लिहून फलकावर लावा. पाच जणांची निवड कुणालाही समजते. वशिला शिरतो तो आठव्यापासून बाराव्यापर्यंत, कारण तिथे कुणी प्रश्न विचारत नाही. सगळ्यांचं लक्ष मोठ्या नावांवर असतं.

आपल्या तालुक्यात या मोसमात चाचण्या होतील तेव्हा पालकांनी, जुन्या खेळाडूंनी, शिक्षकांनी कडेला उभं राहून टाळ्या वाजवाव्यातच. पण एखादा पास सुरेख गेला तर त्यालाही वाजवाव्यात, बास्केट पडायची वाट न बघता. आणि यादी लागली की समितीला अदबीनं एवढंच विचारावं: साहेब, तुमचा आठवा खेळाडू कोण, आणि का?